‘शस्त्रे खाली ठेवा!’ : एका परत केलेल्या कथेच्या निमित्ताने

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाची एक जुनी फाईल आहे. अंकात न घेतलेले साहित्य तिच्यात राहते. कुणी मागायला आले तर परत द्यायचे, नाही तर तसेच पडून राहायचे. त्या फाईलमध्ये २०१३ सालच्या एका कथेची झेरॉक्स आहे. मूळ प्रत मी विद्यार्थिनीला परत केली होती. अकरा फुलस्केप पाने, आणि शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरातला शेरा : ‘अनुभव सच्चा, परंतु मांडणी प्रचारकी. कलात्म अंतर नाही. शेवट भाषणासारखा.’ संपादक या नात्याने असे शेरे मी पुष्कळ लिहिले असतील. बहुतेकांचा मला पश्चात्ताप नाही. या एका शेऱ्याविषयी मात्र गेले काही महिने मन स्वस्थ नाही. त्याचे कारण ठरली एक ऑस्ट्रियन लेखिका, जिचे नावही मला ठाऊक नव्हते.

१० डिसेंबर हा आल्फ्रेड नोबेलचा स्मृतिदिन. त्या दिवशी आमच्या महाविद्यालयात शांततेच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांवर भित्तिपत्रके लावायची टूम निघाली. मार्टिन ल्यूथर किंग, मदर तेरेसा, नेल्सन मंडेला ही नावे मुलांनी आपसांत वाटून घेतली. एका मुलाच्या वाट्याला कुणाला नको असलेले नाव आले : बेर्टा फॉन झुटनर, १९०५. ‘मॅडम, ह्या बाईंनी कादंबरी लिहिली म्हणून त्यांना शांततेचं पारितोषिक मिळालं, हे खरं आहे का?’ असे त्याने मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. साहित्याची प्राध्यापक म्हणून लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच मी वाचायला बसले.

बेर्टाचा जन्म ९ जून १८४३ रोजी प्रागमध्ये, किन्स्की या उमराव घराण्यात झाला. वडील ऑस्ट्रियन सैन्यातले वरिष्ठ सेनानी होते, आणि तिच्या जन्माआधीच वारले. आई त्या मानाने कमी प्रतिष्ठेच्या घराण्यातली. तिला जुगाराचा नाद होता आणि पैसा हळूहळू संपत गेला. तिशीला आलेल्या या उमरावकन्येवर व्हिएन्नातल्या झुटनर सरदारांच्या चार मुलींची शिक्षिका म्हणून राहायची वेळ आली. तिथे त्या घरचा धाकटा मुलगा आर्थर आणि ती एकमेकांच्या प्रेमात पडली. तो तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. घरच्यांना हे पसंत पडणे शक्यच नव्हते. १८७६ साली तिने वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीला उत्तर पाठवले : पॅरिसमधल्या एका श्रीमंत, सुविद्य गृहस्थाला सेक्रेटरी हवी होती. ते गृहस्थ म्हणजे डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल. ती पॅरिसला गेली, थोडेच दिवस राहिली आणि मन राहीना म्हणून व्हिएन्नाला परतली. दोघांनी गुपचूप लग्न केले आणि थेट कॉकेशस गाठले. जवळजवळ नऊ वर्षे ती दोघे जॉर्जियात भाषा व संगीत शिकवून आणि नियतकालिकांना लेख पाठवून जगली. नोबेलशी पत्रव्यवहार मात्र तुटला नाही. तो त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८९६ पर्यंत चालू राहिला.

चरित्राचा हा भाग कुठल्याही रंजक कादंबरीत शोभेल असा आहे. मला थांबवले ते त्यापुढच्या भागाने. १८५९ आणि १८६६ ही ऑस्ट्रियाच्या दोन मोठ्या पराभवांची वर्षे. तेव्हा बेर्टा सोळा आणि तेवीस वर्षांची होती. ही युद्धे आपल्याला जवळजवळ स्पर्शच न करता गेली, अशी कबुली तिने पुढे आठवणींत दिली आहे. सेनानीच्या मुलीला युद्ध हे वादळ किंवा दुष्काळासारखे, माणसाच्या हातात नसलेले काही तरी वाटत होते. १८८६-८७च्या हिवाळ्यात ती पॅरिसला असताना तिला कळले, की लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय लवाद आणि शांतता यांसाठी झटणारी एक संस्था आहे. तोवर युद्ध टाळण्यासाठी संघटितपणे काम करणारी माणसे असू शकतात, हेच तिला माहीत नव्हते. आपण या कार्याला काय देऊ शकतो, असा प्रश्न तिने स्वतःला विचारला. आपण लेखिका आहोत, तर कादंबरी देऊ, हे तिचे उत्तर होते.

म्हणजे ‘शस्त्रे खाली ठेवा!’ या १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा उगम अनुभवात नाही. तो एका ठरवलेल्या हेतूत आहे. तिने इतिहासग्रंथ वाचले, जुनी वर्तमानपत्रे चाळली, लष्करी शल्यविशारदांचे अहवाल अभ्यासले, लढाईतून परतलेल्या माणसांशी ती बोलली आणि मग लिहायला बसली. सर्जनप्रक्रियेवर मी वर्गात जे शिकवते, त्याच्या हे नेमके उलट आहे. आधी आशय अनुभवातून यावा, त्याने आपले रूप शोधावे, हेतू असलाच तर तो विरघळून जावा, असे आम्ही सांगतो. इथे हेतू शीर्षकातच उद्गारचिन्हासह उभा आहे. नियतकालिकांनी ती कादंबरी नाकारली. प्रकाशकाने शीर्षक बदला, एखाद्या अनुभवी मुत्सद्द्याकडून मजकूर तपासून घ्या, अशा सूचना केल्या. तिने दोन्ही फेटाळल्या. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच वर्षी तिचे ‘यंत्रयुग’ हे वैचारिक पुस्तक निघाले. त्यावर लेखकाचे नाव होते ‘कोणीएक’. बाईने लिहिलेले वैचारिक पुस्तक कुणी गंभीरपणे वाचणार नाही, याची तिला खात्री होती. कादंबरीवर मात्र तिने स्वतःचे नाव घातले.

ही कादंबरी मार्था आल्टहाउस या उमरावकन्येच्या आत्मकथनाच्या रूपात आहे. मार्था सेनापतीची मुलगी, वीरकथांवर पोसलेली. आपल्याला मुलगा म्हणून जन्म मिळाला नाही, याचे तिला दुःख आहे. तिचा पहिला नवरा १८५९च्या युद्धात जातो आणि हाती राहते एक तान्हे मूल. दुसरा नवरा टिलिंग स्वतः लष्करी अधिकारी आहे, पण युद्धाविषयी त्याचे भ्रम उरलेले नाहीत. तो १८६४ साली डेन्मार्कविरुद्ध लढायला जातो, १८६६ साली प्रशियाविरुद्ध. बातमी येईना म्हणून मार्था स्वतः बोहेमियाच्या रणभूमीवर त्याला शोधायला जाते, आणि जखमी माणसांचे जे दृश्य पाहते, ती या कादंबरीतली न विसरता येणारी पाने आहेत. टिलिंग परततो. पण सैन्यापाठोपाठ आलेला कॉलरा घरात शिरतो आणि मार्थाच्या बहिणी व भाऊ यांना घेऊन जातो. आयुष्यभर युद्धाची महती गाणारा बाप युद्धाला शाप देत मरतो. शेवटी १८७१ साली पॅरिसमध्ये टिलिंगला हेर समजून गोळ्या घातल्या जातात. बारा वर्षांत चार युद्धे, आणि दरवेळी तेच जाहीरनामे, तेच ध्वज, त्याच प्रार्थना.

कलाकृती म्हणून हिच्यातले दोष कुणालाही दिसतील. जेवणाच्या टेबलावरचे वाद पानेच्या पाने चालतात. पात्रे एकेका मताची प्रतिनिधी होतात. जाहीरनामे आणि वर्तमानपत्री कात्रणे मजकुरात जशीच्या तशी येतात. मी पेन्सिलने समासात खुणा करत होते, आणि निम्म्याअधिक खुणा ‘प्रचारकी’ या एकाच शब्दाच्या होत्या. पण अर्ध्यापुढे गेल्यावर माझ्या लक्षात आले, की ती कात्रणे आळसाने चिकटवलेली नाहीत. झुटनरबाई युद्धाच्या भाषेचा पंचनामा करत आहेत. दोन्ही बाजूंच्या राजांचे जाहीरनामे त्या शेजारी शेजारी ठेवतात. दोघांनाही युद्ध नको होते, दोघांवरही ते लादले गेले, दोघांच्याही पाठीशी ईश्वर आहे. ‘सन्मानाची रणभूमी’, ‘वीरमरण’ असे शब्द त्या उचलतात आणि त्यांच्याखाली काय झाकले आहे ते दाखवतात : चिखल, तहान, दुसऱ्या दिवशीही न उचललेली जखमी माणसे. आजच्या समीक्षेला ‘संभाषिताची चिकित्सा’ हा शब्द आवडतो. १८८९ साली एक बाई ते काम बैठकीच्या खोलीतल्या गप्पांतून करत होती.

या टप्प्यावर मला ती अकरा पाने आठवली.

आमच्या सातारा जिल्ह्यात सैन्यात माणूस नसलेले घर शोधावे लागेल अशी गावे आहेत. ती विद्यार्थिनी तशाच एका गावातली. तिचा थोरला भाऊ सीमेवर गेला होता आणि परत आला नव्हता. कथेत भावाचे मरण जवळजवळ नाहीच. कथा आहे ती वहिनीची. दहनाच्या दिवशी गावात लागलेल्या फ्लेक्सवर वहिनीच्या नावाआधी ‘वीरपत्नी’ हा शब्द छापला गेला. त्या दिवसापासून गावात तिला नावाने कुणी हाक मारीना. विहिरीवर, बँकेत, तहसील कचेरीत, लग्नाच्या आमंत्रणात सगळीकडे ‘वीरपत्नी’. ती कपाळाला काय लावते, कुणाशी हसते, माहेरी किती दिवस राहते, हे सगळे त्या शब्दाच्या मापाने मोजले जाऊ लागले. दोन महिन्यांनी भावाची काळी पत्र्याची ट्रंक घरी येते. पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, नंबर. ती उघडायची कुणी, यावर घरात चार पाने मौन आहे. आणि शेवटी शाळेच्या मैदानावरच्या सत्कारात वहिनीच्या हाती माईक दिला जातो, तेव्हा ती दीड पान बोलते. मला माझं नाव परत द्या, असे म्हणते. माझ्या मुलाला आत्तापासून भरतीचं विचारू नका, असे म्हणते. मी ज्याला ‘भाषण’ म्हटले ते हेच दीड पान.

आज वाचताना वाटते, की ट्रंकेची ती चार पाने मी नीट वाचलीच नव्हती. शेवटाकडून मागे बघून मी अख्ख्या कथेला एक शब्द चिकटवला. म्हणजे वहिनीला गावाने जे केले, तेच मी कथेला केले. शिवाय बाईने मोठ्याने, सभेत, थेट बोलणे हे कलेला बाधक, असे मी कोणत्या आधारावर ठरवले होते? मुळात त्या वहिनीला दुसरीकडे कुठे बोलायला मिळणार होते?

मराठीच्या अभ्यासकाला हा वाद नवा नाही. फडके आणि खांडेकर यांच्या नावाने आपण ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेत विचारला. विद्यार्थी दोन्ही बाजू लिहून शेवटी ‘सुवर्णमध्य’ काढतात आणि आपण गुण देतो. पण थोडे मागे गेले, तर झुटनरबाईंच्याच काळात मराठीत काय घडत होते? हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली आणि १८९३ साली पुस्तकरूपाने निघाली. तीही आत्मकथनपर, तीही एका स्त्रीच्या तोंडून सांगितलेली, तिच्याही मागे समाजसुधारणेचा उघड हेतू. यमू आणि मार्था यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. हरिभाऊंनी ही जर्मन कादंबरी पाहिली असेल, असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण दोन दूरच्या समाजांत, एक-दोन वर्षांच्या अंतराने, दोन लेखकांना एकच युक्ती सुचावी, हे विचार करण्याजोगे आहे. ज्या प्रथेला सगळे पवित्र मानतात, तिचे वर्णन तिची किंमत मोजणाऱ्या बाईच्या तोंडून करायचे. हरिभाऊंच्या हेतूला आपण ‘सामाजिक वास्तववाद’ म्हणून पाठ्यपुस्तकात मानाचे स्थान दिले. माझ्या विद्यार्थिनीच्या हेतूला मी ‘प्रचार’ म्हटले. या दोन शब्दांत कलेपेक्षा काळाच्या अंतराचाच फरक अधिक आहे, अशी शंका मला आता येते.

अर्थात प्रश्न इतका सोपा नाही, हे सांगणारा साक्षीदार सामान्य नाही. तो म्हणजे टॉल्स्टॉय. १८९१ साली झुटनरबाईंना लिहिलेल्या पत्रात त्याने या कादंबरीची तुलना ‘अंकल टॉम्स केबिन’शी केली. गुलामगिरी नष्ट होण्याआधी एका स्त्रीची कादंबरी आली होती, तसेच युद्ध नष्ट होण्याच्या बाबतीत या पुस्तकाकडून घडो, अशी आशा त्याने व्यक्त केली. त्याच सुमारास स्वतःच्या दैनंदिनीत मात्र त्याने नोंदवले, की सामग्री चांगली जमवली आहे, श्रद्धा उत्कट आहे, पण प्रतिभा नाही. ही नोंद वाचून मला प्रथम सुटल्यासारखे वाटले. म्हणजे माझा शेरा अगदीच चुकीचा नव्हता! मग लक्षात आले, की दोघांनी जवळपास तेच म्हटले, पण टॉल्स्टॉयने ते स्वतःजवळ ठेवले आणि लेखिकेला दुसरे पत्र लिहिले. हा दुटप्पीपणा आहे का? मला तसे वाटत नाही. एका कृतीचे दोन हिशेब असू शकतात, एक कलेचा आणि एक कार्याचा, हे त्याला कळत होते. मी एकच हिशेब मांडला, आणि तोही लाल शाईने.

पुस्तकाचे कार्य काय झाले, तेही पाहू. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, अनेक भाषांत अनुवाद झाले. १८९१ साली बेर्टाने ऑस्ट्रियात शांतता संस्था काढली. १८९२ पासून १८९९ पर्यंत कादंबरीच्याच नावाचे मासिक चालवले. नोबेलशी तिचा जुना वाद होता. तुमच्या परिषदांपेक्षा माझे कारखानेच कदाचित युद्ध लवकर संपवतील, कारण दोन सैन्ये एका क्षणात एकमेकांचा नाश करू शकतील त्या दिवशी राष्ट्रे भयाने मागे सरतील, असे तो म्हणे. तरीही २७ नोव्हेंबर १८९५च्या मृत्युपत्रात त्याने शांततेसाठी पारितोषिक ठेवले, आणि त्याच्या निकषांत राष्ट्रांमधील बंधुभाव व खड्या सैन्याची कपात यांबरोबर शांतता परिषदांचाही उल्लेख केला. तो उल्लेख कुणामुळे आला असेल, हे सांगायला नको. १९०१चे पहिले पारितोषिक आंरी द्युनां आणि फ्रेदरिक पासी यांना विभागून गेले. बेर्टाला ते मिळाले १९०५ साली. शांततेचे पारितोषिक मिळवणारी ती पहिली स्त्री. दुसऱ्या स्त्रीला, म्हणजे जेन ॲडम्सला, त्यानंतर सव्वीस वर्षे थांबावे लागले.

या सन्मानामागचे आयुष्य मात्र समारंभाचे नव्हते. घराण्याची मिळकत कर्जात बुडालेली होती. १९०२ साली आर्थर गेला. व्यंगचित्रकारांनी तिला ‘शांती-बेर्टा’ म्हणून हिणवले. एक लठ्ठ, भाबडी म्हातारी हे तिचे ठरीव चित्र होते. भाबडी ती नव्हती. १९१२ साली तिने हवाई युद्धाच्या धोक्यावर पुस्तिका लिहिली, तेव्हा विमान अजून बाल्यावस्थेत होते. आकाशातून पडणारा बाँब सैनिक आणि तान्हे मूल असा भेद करणार नाही, हे तिला दिसत होते.

२१ जून १९१४ रोजी ती व्हिएन्नात वारली. त्या वर्षीची जागतिक शांतता परिषद त्याच शहरात भरायची होती. बरोबर एका आठवड्याने, २८ जूनला, सारायेव्होत गोळ्या सुटल्या, आणि महिनाभराने महायुद्ध सुरू झाले.

आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, आणि त्यांचे स्मारक गावात आहे. लहानपणी एका नातेवाइकांच्या लग्नाला तिथे गेले असताना मी ते प्रथम पाहिले, आणि ‘कामी आले’ हा वाक्प्रचार तिथेच शिकले. कुणाच्या कामी, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. व्हिएन्नातली एक म्हातारी जे थांबवू पाहत होती, ते तिच्या मृत्यूनंतर सातारच्या घरांपर्यंत येऊन पोचले. म्हणून तिचे काम आपल्यापासून दूरचे, असे मला आता म्हणता येत नाही. आणि त्या गावाच्या अभिमानाला हसावे, असेही मला वाटत नाही. तो अभिमान खरा आहे. कित्येक घरांत तोच काय तो आधार असतो. कोरडवाहू जमिनीच्या मुलखात सैन्यातली नोकरी ही भाकरीही असते. माझ्या विद्यार्थिनीच्या कथेतली वहिनीसुद्धा नवऱ्याच्या शौर्याला नाकारत नाही. ती फक्त म्हणते, की त्या शौर्याच्या खाली मला पुरू नका.

मग कादंबरीचा उपयोग काय झाला? युद्ध तर थांबले नाही. भित्तिपत्रक करणाऱ्या त्या मुलानेही मला हेच विचारले. एवढी पुस्तके खपली, पारितोषिक मिळाले, आणि नऊ वर्षांत महायुद्ध. मी त्याला इतकेच म्हणाले, की ‘पण लक्षात कोण घेतो?’ प्रसिद्ध झाल्यावर दुसऱ्या दिवशी केशवपन थांबले नाही. मात्र त्यानंतर ते निसर्गनियमासारखे उरले नाही. कुणी तरी ते करते आहे, कुणावर तरी ते केले जात आहे, हे वाचणाऱ्याला कळले. झुटनरबाईंनी युद्धाला वादळ-दुष्काळाच्या यादीतून काढून माणसाच्या करणीच्या यादीत बसवले. एका कादंबरीकडून याहून अधिक मागणे अन्यायाचे होईल. हे उत्तर त्याला पटले की नाही, ते मला ठाऊक नाही. मलाही ते पूर्ण समाधानाचे वाटत नाही.

मागच्या महिन्यात मी त्या विद्यार्थिनीचा नंबर मिळवून फोन केला. ती आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. कथेचा विषय काढला, तेव्हा क्षणभर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मॅडम, तुमचं बरोबरच होतं. शेवट मी रागात लिहिला होता.’ तिने दोष दिला असता तर सोपे गेले असते. पुढे काही लिहिलेस का, या प्रश्नावर ती हसली आणि शाळेच्या अहवालांविषयी बोलू लागली. यंदाच्या अंकात ती कथा एक शब्दही न बदलता छापू का, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘वहिनीला विचारावं लागेल. गोष्ट तिची आहे.’

हा विचार बारा वर्षांपूर्वी मला शिवला नव्हता, आणि फोन करतानाही नाही. कलात्म अंतराविषयी मी तिला शिकवत होते. दुसऱ्याच्या दुःखापासून किती अंतरावर उभे राहायचे, ते तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. या लेखात त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि तो लिहिण्यासाठी तिची परवानगी घेतली आहे. कथेविषयीचे उत्तर अजून आलेले नाही. ते नकाराचे असू शकते, आणि तसे असेल तर तो वहिनीचा अधिकार आहे.

झेरॉक्सवरचा माझा शेरा मी खोडलेला नाही. खोडून काय होणार? त्याच्याखाली फक्त तारीख घालून एवढेच लिहिले आहे : ‘ट्रंकेची पाने पुन्हा वाचली.’